परसातील मिश्र कळपाचा आहार

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस, वंडलूरहून वालाजाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम हे गाव आहे. २०१० साली तेथे मोटारींचा एक मोठा कारखाना सुरू झाला आणि पुढे आणखी कारखाने आले. तरीही या टापूचा मूळ धर्म भातशेतीचाच. पावसाचे पाणी अडवून ठेवणारे जुने तलाव, ज्यांना तमिळ भाषेत 'एरी' म्हणतात, ते या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. अशा गावातील एखादे परस आपण डोळ्यांपुढे आणू. सात-आठ कोंबड्या, एक कोंबडा, अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा, तळे जवळ म्हणून पाळलेली चार बदके आणि हौसेने आणलेली टर्कीची एक जोडी. सकाळी घरधनीण उरलेला भात व मूठभर कणी अंगणात टाकते, आणि सारा कळप एकाच ठिकाणी तुटून पडतो.

हे दृश्य कोकणात किंवा विदर्भातही अपरिचित नाही. २०१९ सालच्या पशुगणनेत आपल्या देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकादी पक्षी मोजले गेले. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लक्ष पक्षी परसातील होते, आणि एकूण संख्येत तमिळनाडू हे राज्य सर्वांत पुढे होते. प्रश्न असा की, एकाच जागी टाकलेले हे एकच अन्न या निरनिराळ्या पक्ष्यांना मानवते काय?

प्रथम भाताचा विचार करू. १८८९ सालच्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जाकार्ता शहरात, आइकमान नावाचा डच वैद्य बेरीबेरी रोगाचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप सुधारल्या. चौकशी करता असे कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला आणि सरकारी तांदूळ कोंबड्यांना देण्याचे त्याने नाकारले. स्वयंपाक्याच्या या काटेकोरपणाचे विज्ञानावर मोठेच उपकार आहेत. तांदूळ सडताना जो कोंडा निघून जातो, त्यातच रोग बरा करणारे द्रव्य होते. आज आपण त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. या कार्याबद्दल आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तमिळ घरांतील 'पुळुंगल अरिसी', म्हणजेच आपल्या कोकणातील उकडा तांदूळ, या बाबतीत बरा. भात उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात उतरतो. तथापि बरा म्हणजे पुरेसा नव्हे. तांदळात प्रथिने ७-८ टक्केच असतात, तर अंडी देणाऱ्या कोंबडीच्या आहारात ती १६ ते १८ टक्के लागतात. टर्कीच्या लहान पिलांना तर २६ ते २८ टक्के लागतात. केवळ भातावर राहिलेली कोंबडी मरत नाही. ती अंडी कमी देते, आणि घरधनीण दोष तिच्या जातीला देते.

यावर उपाय म्हणून पुष्कळ लोक बाजारातून अंड्यावरील कोंबड्यांचे तयार खाद्य आणतात व तेच सर्वांना घालतात. येथे दुसरी चूक होते. अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शिअम असते. कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, आणि त्यातील कॅल्शिअमपैकी साधारण निम्मेच तिच्या अंगी लागते. म्हणजे २ ग्रॅम मिळण्यासाठी पोटात ४ ग्रॅम गेले पाहिजे. ११० ग्रॅमांत ४ ग्रॅम, हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या थोडे वर जाते. म्हणूनच त्या खाद्यात चुनखडी भरपूर घातलेली असते. पण कोंबडा कवच घडवीत नाही, तलंग अद्याप घडवीत नाही, पिलू तर नाहीच. त्यांची गरज एक टक्क्याच्या आसपास असते. वाढत्या पक्ष्याला तिप्पट-चौपट कॅल्शिअम आठवडेच्या आठवडे मिळाले, तर ते बाहेर टाकता टाकता त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि मेलेल्या पक्ष्याच्या काळजावर व यकृतावर खडूसारखा पांढरा थर आढळतो. धन्याला वाटते, साथ आली.

तोड साधी आहे. सर्वांसाठी जे खाद्य ठेवायचे ते कमी कॅल्शिअमचे ठेवावे, आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा निराळ्या परळात बाजूला ठेवावा. अंड्यावरील पक्षी आपल्या गरजेपुरता तो टिपतात. संध्याकाळी त्यांची ओढ अधिक असते, कारण कवच मुख्यतः रात्री घडते. इतर पक्षी सहसा त्याच्या वाट्याला जात नाहीत. पिले मात्र डालून वेगळी चारावी, अथवा फक्त तीच आत शिरू शकतील अशा लहान फटीच्या कुडामागे त्यांचे अधिक प्रथिनांचे खाद्य ठेवावे.

बदकांच्या पिलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. नायसिन नावाचे ब-वर्गातील जीवनसत्त्व त्यांना कोंबडीच्या पिलांच्या जवळजवळ दुप्पट लागते. ते कमी पडले की पाय धनुष्यासारखे वाकतात व पिलू बसूनच राहते. मक्यातील नायसिन बहुतांशी बद्ध स्वरूपात असल्यामुळे उपयोगी पडत नाही. खाद्यात थोडे वाळलेले यीस्ट मिसळल्यास ही उणीव भरून निघते. शेजारी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल पाणी हवेच; कोरडी भरड बदकाच्या घशात अडकते.

आता सर्वांत धोक्याच्या वस्तूकडे येऊ. भुईमुगाची पेंड, तमिळ नाव 'कडलै पुण्णाक्कु', ही स्वस्त प्रथिनांची खाण आहे. १९६० साली इंग्लंडात एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध घेता घेता संशोधक ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने एक विष निर्माण केले होते. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊन त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. हे विष यकृत जाळते. बदकांची पिले त्याला इतकी लवकर बळी पडतात की, त्या काळी विषाची परीक्षा त्यांच्यावरच करीत. त्यांच्या खालोखाल टर्की. कोंबडी मात्र पुष्कळ तग धरते. ओरगडमच्या आपल्या परसात हे तिन्ही पक्षी एकाच पेंडीवर चरत आहेत! कोंबड्या धडधाकट दिसतात म्हणून पेंड चांगली, हा निष्कर्ष मिश्र कळपात घातक ठरतो.

पेंड उन्हात टाकून वा बुरशी झटकून विष जाईल असा भरवसा धरता येत नाही. शिजवूनही ते टिकते. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. तेव्हा माणसांनी नाकारलेले काळवंडलेले धान्य 'कोंबड्यांना चालेल' म्हणून अंगणात टाकणे सोडून द्यावे.

दहा किलो सामान्य खाद्य घरी करावयाचे तर मका, 'कंबु' म्हणजे बाजरी आणि 'चोळम' म्हणजे ज्वारी, यांपैकी जे मिळेल त्याची भरड ५ किलो ३०० ग्रॅम, भाताचा कोंडा २ किलो, भुईमुगाची पेंड दीड किलो, वाळलेली मासळी १ किलो, शिंपल्यांची पूड १०० ग्रॅम आणि खनिजे व जीवनसत्त्वे यांचे तयार मिश्रण १०० ग्रॅम घ्यावे. शाळेतील विद्यार्थ्यांनी प्रथिनांचे गणित करून पाहावे : धान्यात ९, कोंड्यात १२, पेंडीत ४२ आणि मासळीत ५० टक्के धरल्यास अनुक्रमे ४७७, २४०, ६३० व ५०० ग्रॅम येतात. बेरीज १८४७ ग्रॅम, म्हणजे दहा किलोंत सुमारे साडेअठरा टक्के. मासळी खारवलेली नसावी, कारण अधिक मीठ पिलांना विषासमान आहे. कोंडा ताजा घ्यावा. त्यातील तेल लवकर खवट होते.

चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो, कोकणात जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत पेंड पंधरवड्यापुरतीच आणावी, पोते भिंतीपासून दूर फळीवर ठेवावे, आणि वाटी भरण्यापूर्वी हात घालून आतली पेंड उजेडात पाहावी व हुंगावी. ढेकूळ झालेली, हिरवट-पिवळी झाक आलेली किंवा कुबट वासाची पेंड खड्ड्यात पुरून टाकावी.