हलकं लिनक्स, जड ब्राउझर

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की कोणीतरी हमखास सांगतं, "लिनक्स टाक, पळायला लागेल." ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपल्यापासून तर हा सल्ला चहाच्या टपरीवरही मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. आमच्या वाचनालयाला एका कार्यालयाने दान दिलेले डेस्कटॉप मी सांभाळतो. त्यांनी जो काही घाम काढला, त्यावरून सांगतो: जुनं मशीन आणखी किती वर्षं चालणार, हे शेवटी ब्राउझर ठरवतो.

मशीन आली तेव्हा त्यांत ३२-बिट लिनक्स आधीच टाकलेलं होतं. टाकणाऱ्याचा हिशेब सरळ होता: रॅम २ जीबी, आणि ३२-बिट थोडी कमी मेमरी खातं. काही वर्षं सगळं बरं चाललं. मंडळी पेपर वाचायची, कोणी अर्ज टाइप करून घ्यायचं. मग एका जूनमध्ये शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला पोरं आली आणि पानं अर्धीच उघडायला लागली. फोटो अपलोड करायच्या जागी पांढरा चौकोन, ओटीपीचं बटण दाबलं तरी ढिम्म. नेटला दोष दिला, साइटला दिला. कारण होतं ब्राउझरचं वय. त्याचे अपडेट कधीच थांबले होते आणि मशीनने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

३२-बिट लिनक्ससाठी गुगल क्रोम मार्च २०१६मध्येच बंद झाला. फायरफॉक्सने पुष्कळ वर्षं साथ दिली, पण त्याचीही १४४ ही शेवटची आवृत्ती. १४५पासून ३२-बिट लिनक्स वगळलं. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. यात कोणाचा दुष्टावा नाही. जुन्या प्रोसेसरवर प्रत्येक आवृत्ती तपासायला माणसं लागतात, आणि तसली मशीन वापरणारेच कमी होत गेले.

आमच्या बाबतीत गंमत पुढेच आहे. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड दिली, तर पहिल्या दोन ओळींतच ३२-बिट आणि ६४-बिट असे दोन्ही शब्द आले. प्रोसेसर कोअर २ डुओ. २००६पासूनची ही सगळी जात ६४-बिट आहे. म्हणजे मशीन धडधाकट असताना आम्ही तिला उगाच म्हातारी ठरवून बसलो होतो. तेव्हा दुसरं काहीही करण्याआधी ही कमांड चालवून बघा. मात्र ३२ वरून ६४ वर जाणं हे नेहमीचं अपडेट नव्हे. सरळ नव्याने इन्स्टॉल करावं लागतं, म्हणून बॅकअप आधी. 'डाउनलोड्स' फोल्डर विसरू नका. लोकांच्या स्कॅन केलेल्या सह्या आणि जातीचे दाखले तिथेच पडलेले असतात.

पैसे घालायचे तर आधी एसएसडीवर घाला. सगळ्यात लहान घेतली तरी चालते. त्यानंतर रॅम. आमचे बोर्ड जी३१ चिपसेटचे, ते ४ जीबीच्या पुढे जात नाहीत. डीडीआर२च्या २ जीबीच्या दोन पट्ट्या जुन्या बाजारात मिळून गेल्या. यावर झेडरॅम चालू करा. मेमरी भरत आली की त्यातला काही भाग तो रॅममध्येच दाबून ठेवतो, त्यामुळे डिस्ककडे धाव कमी होते. फेडोराने तर २०२०पासून तो मुळातच चालू ठेवलाय. एवढं करूनही एका वेळी पाच-सहा टॅबच उघडा. ४ जीबीत वीस टॅब मावत नाहीत, कोणतंही लिनक्स टाका.

बऱ्याच 'साइट उघडत नाही' तक्रारींचं मूळ बटणाएवढ्या सेलमध्ये निघतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ मेला की घड्याळ थेट काही वर्षं मागे जातं. मग प्रत्येक सुरक्षित साइट 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणून दार लावून घेते आणि अपडेटही त्याच कारणाने अडतात. मशीन सुरू होताना एफ-१ दाबायला सांगत असेल, तर आधी तारीख बघा. सेल किराणा दुकानातसुद्धा मिळतो.

डेस्कटॉप एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्या. देखणे डेस्कटॉप ग्राफिक्स चिपकडून काम मागतात, आणि जुन्या चिपला ते जमलं नाही की सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर येतं. यूट्यूबचंही तसंच. व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे साचे उलगडताना कोअर २ला धाप लागते. त्याऐवजी एच.२६४ मागणारं एक्स्टेन्शन फायरफॉक्सला मिळतं. ते लावून ४८०पीवर ठेवलं की एमपीएससीची लेक्चरं विनातक्रार चालतात. अगदी किमान इन्स्टॉल केलंत तर मराठीच्या जागी चौकोन दिसतील, तेव्हा नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट लगेच टाका. आणि प्रिंटर! इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून एक पान छापून बघा. काही लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर कंपनीने बंदिस्तच ठेवलेत, आणि सगळं जमून प्रिंटरवर अडलं तर वाचनालयाच्या दृष्टीने काहीच जमलं नाही.

६४-बिट निघालं म्हणून कायमचं सुटलात असंही नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ हे २०२२मध्ये आलं. त्याला लागणाऱ्या काही सूचना कोअर २च्या प्रोसेसरमध्ये नाहीतच. १०ची अपेक्षा त्याहूनही वरची. डेबियनची ६४-बिट आवृत्ती अजून तशी अट घालत नाही, म्हणून आम्ही तिथे आहोत.

खरोखरच ३२-बिट असलेल्यांचं काय? २००८-०९च्या ॲटम एन२७० नेटबुकला माझ्या मते नेटवर आणूच नये. आमच्याकडचं एक नेट काढून टाकून पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदींना लावलंय, लिब्रेऑफिस कॅल्कवर. पेन्टियम ४ सरळ ई-कचऱ्यात द्या. वीज खातो, उन्हाळ्यात खोली तापवतो आणि बदल्यात काही देत नाही.

आता प्रत्येक डब्याच्या बाजूला स्टिकर लावलंय: प्रोसेसर, रॅम, डेबियनची आवृत्ती, तिचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यात संपणार, आणि सेल कधी बदलला. पुढचं इन्स्टॉल करणारा मी नसलो तरी त्याला डबा उघडायच्या आधी एवढं कळायला हवं.