एल्व्हिसची उडी

(गणित म्हणजे वहीतली आकडेमोड, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेतील एका प्राध्यापकाने आपल्या कुत्र्याबरोबर सरोवराच्या काठी केलेल्या प्रयोगाची हकिकत या पाठात दिली आहे. एखादी गोष्ट कमीत कमी वेळात कशी साधावी, या प्रश्नाकडे अवकलन कसे पाहते, हे त्यातून समजते.)

अमेरिकेच्या उत्तर भागात मिशिगन नावाचे अवाढव्य सरोवर आहे. म्हणायला सरोवर, पण काठावर उभे राहिले तर पलीकडचा किनारा दिसत नाही. वाळू, लाटा, वारा, सारे समुद्रासारखे. फक्त पाणी तेवढे गोडे. त्याच्या पूर्व काठाजवळ हॉलंड नावाचे गाव आहे. डच लोकांनी ते १८४७ मध्ये वसवले, म्हणून हे नाव. या गावातील होप कॉलेजात टिमोथी पेनिंग्ज हे गणिताचे प्राध्यापक होते. एल्व्हिस हा त्यांचा कुत्रा. वेल्श कॉर्गी जातीचा, आखूड पायांचा आणि चेंडूसाठी वेडा.

पेनिंग्ज त्याला घेऊन काठावर जात आणि टेनिसचा चेंडू पाण्यात तिरका भिरकावीत. एल्व्हिस चेंडूकडे नाक करून सरळ पाण्यात घुसत नसे. तो काठाकाठाने धावत जाई आणि मध्येच एका ठिकाणी वळून पाण्यात उडी घेई. चेंडूच्या अगदी समोर येईपर्यंतही तो थांबत नसे. त्याच्या थोडे अलीकडेच उडी मारी. हे पाहताना पेनिंग्ज यांना वर्गातले उदाहरण आठवले. असलेच गणित ते विद्यार्थ्यांना घालीत असत!

आपणही ते सोडवून पाहू. समजा, चेंडू काठापासून १० मीटर आत पडला आहे आणि त्याच्या समोरची काठावरची जागा एल्व्हिसपासून १५ मीटरवर आहे. एल्व्हिसचा धावण्याचा वेग सेकंदाला ६.४ मीटर आणि पोहण्याचा ०.९१ मीटर. हे वेग पेनिंग्ज यांनी घड्याळ लावून मोजले होते. तो उभ्या जागेवरून सरळ पोहत निघाला, तर अंतर सर्वांत कमी. पण वेळ लागेल जवळजवळ १९.८ सेकंद. पूर्ण १५ मीटर धावून मग काटकोनात पोहला, तर १३.३३ सेकंद. आणि मध्येच कोठेतरी वळला तर?

समोरच्या जागेच्या ‘य’ मीटर अलीकडे त्याने उडी घेतली असे मानू. मग लागणारा काळ असा:

काळ = (१५ − य) ÷ ६.४ + √(१०० + य²) ÷ ०.९१

‘य’ बदलला की काळ बदलतो, म्हणजे काळ हे ‘य’ चे फलन आहे. त्याचा आलेख काढला तर कढईच्या तळासारखा आकार दिसतो. आपल्याला हवा आहे तो तळ. कढईच्या बाजूला चढ असतो, उतार असतो. नेमक्या तळाशी दोन्ही नसतात. तेथे बदलाचा दर, म्हणजेच अवकलज, शून्य होतो. कमाल किंवा किमान स्थितीला बदल क्षणभर थांबतो, ही गोष्ट बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ग्रहांच्या गतीचे गणित करताना हेरली होती. पुढे युरोपात लायब्नित्सने १६८४ मध्ये अवकलनावरचा आपला पहिला लेख छापला, तो याच कमाल-किमान मूल्यांच्या रीतीवर.

वरच्या फलनाचे अवकलन करून ते शून्याबरोबर मांडले, की असे समीकरण मिळते:

य ÷ √(१०० + य²) = ०.९१ ÷ ६.४

हे सोडवल्यावर य = १.४४ मीटर येतो आणि काळ १३.२२ सेकंद. दुसरा अवकलज सर्वत्र धन आहे, म्हणून हे किमान मूल्यच होय, कमाल नव्हे. समीकरणाकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात १५ कोठेच नाही! चेंडू किती लांब पडला याच्याशी उडीच्या जागेचा संबंधच नाही. तो काठापासून किती आत पडला, एवढेच महत्त्वाचे. (अर्थात एल्व्हिसला मुळात १.४४ मीटरपेक्षा जास्त धावायचे असले पाहिजे.) चेंडू जितका आत असेल, त्याच्या ०.१४४ पट अंतर अलीकडे उडी, असा हा नियम झाला.

आता एल्व्हिसची परीक्षा. पेनिंग्ज चेंडू फेकीत आणि कुत्र्याच्या मागे धावत सुटत. तो जेथे उडी घेई तेथे वाळूत एक पेचकस रोवीत आणि मोजपट्टीचे टोक घेऊन, त्याने चेंडू पकडण्याआधी तेथे पोहोचायची धडपड करीत. कल्पना करा, प्राध्यापक महाशय कपडे भिजवीत कुत्र्याशी शर्यत लावताहेत! अशी ३५ मोजमापे त्यांनी जमवली. एक-दोनदा उतावीळपणाने एल्व्हिस पहिल्यापासूनच पाण्यात शिरला. ती मापे त्यांनी गाळली. हुशार विद्यार्थ्याचाही एखादा दिवस वाईट जातोच, असे त्यांनी गमतीने म्हटले आहे. बाकीचे बिंदू आलेखावर मांडले, तेव्हा बहुतेक सारे नियमाच्या रेषेच्या जवळपास पडले. मे २००३ मध्ये ‘द कॉलेज मॅथेमॅटिक्स जर्नल’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. शीर्षक होते : ‘कुत्र्यांना कलन येते का?’

कुत्र्याला साध्या बहुपदीचेही अवकलन जमत नाही, हे पेनिंग्ज यांनीच सांगून टाकले आहे. मग त्याला हे साधते कसे? अनुभवाने, असे आपण चटकन म्हणू. पण त्यात एक अडचण आहे. एल्व्हिसने १.४४ ऐवजी २.५ मीटर अलीकडे उडी घेतली, तर काळ होतो १३.२८ सेकंद. अर्ध्या मीटरवर घेतली, तर १३.२७. तळाजवळ आलेख इतका सपाट असतो, की मीटरभर चुकले तरी सेकंदाचा विसावा भागच काय तो वाढतो. एवढ्याशा लाभावरून कोणता कुत्रा धडा शिकेल?

याचे एक पटण्याजोगे उत्तर २००६ मध्ये पेरुशे आणि गालेगो या फ्रान्समधील दोन संशोधकांनी त्याच नियतकालिकात मांडले. त्यांच्या मते कुत्रा सबंध वाटेचा हिशेब करतच नाही. धावताना आपण चेंडूच्या किती वेगाने जवळ जात आहोत, एवढेच त्याला जाणवत असावे. आपल्या उदाहरणात आरंभी एल्व्हिस सेकंदाला ५.३ मीटर या दराने चेंडूच्या जवळ येतो. चेंडू बाजूला येऊ लागतो, तसा हा दर घसरतो. २.५ मीटर उरले असता तो १.५५ असतो आणि अर्ध्या मीटरवर अवघा ०.३२. काळातला फरक कळण्याजोगा नव्हता, हा फरक मात्र ठळक आहे. धावण्याने मिळणारी जवळीक पोहण्याने मिळणाऱ्या जवळिकीएवढी झाली, की पाण्यात शिरायचे. हा दर बरोबर ०.९१ कधी होतो, हे काढून पाहा. १.४४ मीटर उरले असताना!

आपण अवकलज शून्य मांडला, तेव्हा आपणही हेच विचारले होते : आणखी एक पाऊल धावलो तर वाचणारा वेळ जास्त की वाया जाणारा? आपण तो प्रश्न सारी वाट आधी कागदावर मांडून विचारला. एल्व्हिसजवळ कागद नव्हता. तो प्रत्येक पावलाला विचारीत गेला आणि उत्तर बदलले त्या जागी त्याने उडी घेतली.

स्वाध्याय

१. एल्व्हिसने सर्वांत कमी अंतराची वाट का निवडली नाही?
२. चेंडू काठापासून २० मीटर आत पडला, तर एल्व्हिसने किती अलीकडे उडी घ्यावी?
३. एखाद्या कुत्र्याचा पोहण्याचा व धावण्याचा वेग सारखाच असेल, तर तो कोणती वाट धरील? कारण सांगा.
४. ‘तळाजवळ आलेख सपाट असतो’ या वाक्याचा अर्थ पाठातील आकडे घेऊन तुमच्या शब्दांत लिहा.