‘मन मोकळं करा’ : बरं वाटणं आणि बरं होणं

प्रश्न : माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. मार्च २०२४ मध्ये नांदेड-हिंगोलीकडे धक्का बसला तेव्हा मामी आमच्याकडेच होती. त्यानंतर कित्येक रात्री ती घरात झोपायला तयार होईना. ती सांगते, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर शहरातून आलेली मंडळी ‘बोला, रडा, मन मोकळं करा’ म्हणत शेडमधून फिरायची. लोकांच्या मनावर काय परिणाम झाला, याचा कुणी शास्त्रीय अभ्यास केला का? आणि असं लगेच बोलतं केल्यानं खरंच गुण येतो का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : अभ्यास झाला होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र किल्लारीत नाही, ते दुसरीकडे मिळालं. आणि ते अनेकांना पटत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपलेली. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, हे सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ज्यांनी छपराखालून माणसं ओढून काढली, त्यांना छप्पर म्हणजे आसरा वाटेलच असं नाही. मामी अंगणात झोपल्या, त्यात नवल काय?

या भूकंपातून वाचलेल्यांवरचा एक अहवाल १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त छापून आला. प्रताप शरण, शेखर सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ जणांना तपासलं. त्यातल्या ५९ टक्के लोकांमध्ये निदान करता येईल असा मानसिक आजार निघाला. सर्वाधिक आढळले ते पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, आणि नैराश्य. आकडा दचकवणारा आहे, पण ४२ माणसांवरून सगळ्या भूकंपग्रस्त गावांचं गणित मांडता येत नाही. लेखकांनी शीर्षकातच ‘प्राथमिक अहवाल’ म्हटलंय, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनंही भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास करवला. त्याची धुरा डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. होय, ‘घाशीराम कोतवाल’मधले नानाच.

पण आजार किती जणांना आहे हे मोजणं वेगळं आणि कशानं बरं वाटतं हे तपासणं वेगळं. दुसऱ्या कामाला दोन गट लागतात. कुणाला उपचार द्यायचा आणि कुणाला नाही, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. नाहीतर काळानं आपोआप बरी झालेली माणसंसुद्धा उपचाराच्या खात्यावर जमा होतात.

‘लगेच बोलतं करा’ या उपायाची अशी परीक्षा वेल्समध्ये झाली. भाजून रुग्णालयात आलेल्या १३३ जणांपैकी काहींना सुरुवातीलाच घडलेला प्रसंग सविस्तर सांगायला लावलं, बाकीच्यांना नाही. तेरा महिन्यांनी पीटीएसडी कुणाला जास्त? बोलतं केलेल्यांना : २६ टक्के, न केलेल्यांत ९. हा निष्कर्ष १९९७ साली छापला गेला. त्यात एक मेख होती. चिठ्ठ्या टाकूनही बोलत्या गटात जास्त भाजलेली माणसं आली होती, म्हणून लगेच निकाल देणं घाईचं ठरलं असतं. पण २००० साली ऑक्सफर्डचा रस्ते-अपघातातल्या जखमींवरचा अभ्यास आला. सुरुवातीला फार हादरलेले पण अशा बोलतं करण्याच्या सत्राला न बसवलेले लोक तीन वर्षांत बऱ्यापैकी सावरले, बसवलेले तिथंच अडकून राहिले. बसल्या बसल्या अनेकांना बरं वाटलं होतं, हे विशेष. बरं वाटणं आणि बरं होणं यांत एवढं अंतर असू शकतं! आता जागतिक आरोग्य संघटनाही अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या ‘मोकळं होण्या’ची शिफारस करत नाही. आधी सुरक्षित जागा, अन्नपाणी आणि आपली माणसं. बोलावंसं वाटलं तर ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही.

शेडमधून फिरणाऱ्यांना दोष देऊ नका. १९९३ साली हे पुरावे कुणाच्याच हातात नव्हते.

मग बोलण्यात अर्थच नाही का? आहे, पण ते शिस्तीनं आणि वारंवार व्हायला हवं. गोव्यातल्या ‘मानस’ चाचणीत २४ दवाखान्यांतले नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्या दवाखान्यांत प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले स्थानिक समुपदेशक नेमले. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के होतं, नसलेल्या ठिकाणी ४२.५. खासगीत मात्र फरक दिसला नाही. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली ही चाचणी भूकंपग्रस्तांवरची नव्हती, हे ध्यानात ठेवा. पण मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असलेल्या आपल्या तालुक्यांसाठी तिचं मोल मोठं आहे.

मामींबद्दल सांगायचं तर धक्क्यानंतर काही रात्री बाहेर झोपणं हा आजार नव्हे. पण अजूनही त्या दचकून उठत असतील, जुनं दृश्य डोळ्यांपुढे येऊन छाती धडधडत असेल, बंद खोली टाळत असतील, तर नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. एवढ्या वर्षांनीही पीटीएसडीवर उपचार लागू पडतात. जाणं जमत नसेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. फोन मात्र मामींनाच करू द्या.