फुकटच्या मुक्कामाचा खरा हिशेब

ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हान ओढत किंवा कॅम्परव्हॅनमधून फिरणाऱ्यांपुढे रोज दुपारी एकच प्रश्न असतो: रात्री गाडी कुठे लावायची? एक मार्ग कॅरॅव्हान पार्कचा. पैसे भरायचे आणि वीज, पाणी, संडास, गरम पाण्याची न्हाणीघरे यांच्या सोयीत राहायचे. दुसरा मार्ग फ्री कॅम्पिंगचा, म्हणजे रस्ते खात्याने, गावच्या कौन्सिलने किंवा वनखात्याने मोकळ्या ठेवलेल्या जागी फुकट मुक्काम करण्याचा. निवृत्तीनंतर वर्ष वर्ष देशभर भटकणाऱ्या ‘ग्रे नोमॅड’ मंडळींना दोन्हींची नस ठाऊक असते. मेलबर्न-सिडनीतली मराठी कुटुंबे आणि मुलांकडे आलेले आईवडील महिनाभरासाठी व्हॅन भाड्याने घेतात, तेव्हा मात्र बहुधा नुसता रात्रीचा दर पाहून ठरवतात. एका बाजूला पन्नास-साठ डॉलर आणि दुसऱ्या बाजूला शून्य, असा तो सौदा दिसतो. तो तसा नाही.

कॅरॅव्हान पार्कमधल्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, विजेच्या आणि बिनविजेच्या. विजेच्या जागेला तिथे ‘पॉवर्ड साइट’ म्हणतात. दोन माणसांसाठी तिचा दर एरवी रात्रीला ४० ते ७० डॉलर (ऑस्ट्रेलियन) पडतो, बिनविजेची जागा त्याहून स्वस्त मिळते. दर दोघांचा असल्यामुळे तिसऱ्या माणसाचे, आणि पुष्कळ ठिकाणी मुलांचेही, वेगळे पैसे पडतात. आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र निघाली की दरफलकावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा यांत चांगलेच अंतर पडते. नाताळ, ईस्टर आणि शाळांच्या सुट्ट्यांत किनाऱ्यावरच्या पार्कचे दर खूप चढतात, शिवाय किमान काही रात्री राहण्याची अट येते. उत्तरेला, ब्रूम आणि डार्विनच्या बाजूला, गर्दीचा मोसम मे ते सप्टेंबर असा कोरड्या हवेचा असतो. त्या दिवसांत तिथे आयत्या वेळी जागा मिळेल असे धरून चालू नये. ‘बिग फोर’ किंवा ‘जी’डे’ यांसारख्या साखळ्यांच्या सभासदांना सुमारे दहा टक्के सवलत मिळते, आणि लांबच्या प्रवासात सभासदत्वाचे पैसे लवकर वसूल होतात.

पार्क आणि फुकटची जागा या दोहोंच्या मधला एक प्रकार नवख्यांच्या नजरेतून सुटतो, आणि खरा किफायतीचा मार्ग बहुतेकदा तोच असतो. ऑस्ट्रेलियातल्या लहान गावांत वार्षिक कृषिप्रदर्शनासाठी राखलेली मैदाने असतात. त्यांना शोग्राउंड म्हणतात. प्रदर्शनाचे दिवस वगळता तिथे पंधरा ते तीस डॉलरांत राहता येते, आणि वीज, नळ व न्हाणीघर बहुधा असतेच. गावाबाहेरच्या काही पबांच्या मागच्या मोकळ्या जागेत, तिथे जेवण घेतले तर, गाडी लावू देतात. कॅम्परव्हॅन अँड मोटरहोम क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया ही संस्था १९८६ साली स्थापन झाली. सभासदांसाठी ती स्वतःचे स्वस्त पार्क चालवते, आणि प्रवासी गाड्यांची सोय ठेवणाऱ्या गावांना ‘आरव्ही फ्रेंडली टाउन’ ही ओळख देते. अशा गावात मोठ्या गाड्यांसाठी जागा, पिण्याचे पाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायचा डंप पॉइंट मिळण्याची खात्री असते.

राष्ट्रीय उद्यानांतला मुक्काम फुकट असतो हा समज चुकीचा आहे. क्वीन्सलँडमध्ये माणशी रात्रीला सात-आठ डॉलर पडतात आणि परवाना आधी काढावा लागतो. इतर राज्यांचे दर वेगळे आहेत, आणि काही उद्यानांत प्रवेशशुल्क निराळे आकारतात.

निव्वळ फुकटच्या जागांपैकी सर्वांत ठळक म्हणजे महामार्गावरचे रेस्ट एरिया. ते मुळात थकलेल्या चालकाने झोप काढावी आणि अपघात टळावा यासाठी बांधलेले आहेत, पर्यटकांच्या सहलीसाठी नाहीत. म्हणून त्यांना वेळेची मर्यादा असते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत अनेक ठिकाणी ती २४ तासांची आहे, क्वीन्सलँडमध्ये ती जास्तीत जास्त २० तासांची असते. काही ठिकाणी रात्रीचा मुक्काम मुळीच चालत नाही. अखेरचा शब्द त्या जागेवरच्या पाटीचा. ‘विकीकॅम्प्स’सारख्या अ‍ॅपवरची माहिती उपयोगी असली, तरी ती प्रवाशांनीच भरलेली असते. कौन्सिलने मागच्या महिन्यात बंद केलेली जागा त्यावर अजून खुली दिसू शकते. ट्रकसाठी राखलेल्या भागात तर कॅरॅव्हान कधीच उभी करू नये. उत्तरेकडच्या रस्त्यांवर पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात, आणि त्यांच्या चालकांना सक्तीची विश्रांती घ्यायला दुसरी जागा नसते.

कौन्सिलच्या फुकट जागांवर बहुधा गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’ असण्याची अट असते. गाडीत स्वतःचा संडास, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची टाकी हवी. भाड्याच्या लहान, स्वस्त व्हॅनमध्ये हे सगळे बहुधा नसते. मुक्कामाला पैसे पडणार नाहीत म्हणून स्वस्त व्हॅन घ्यायची, आणि त्या व्हॅनला फुकटच्या निम्म्या जागी मज्जाव असायचा, ही फसगत प्रस्तुत लेखकाने अनेकांची झालेली पाहिली आहे. व्हॅन ठरवण्याआधी तिच्यात संडास आहे का आणि सांडपाणी टाकीत जाते की जमिनीवर, एवढे दोन प्रश्न भाड्याच्या कंपनीला विचारावेत. न्यूझीलंडमध्ये हाच नियम अधिक कडक आहे. तिथे २०११चा फ्रीडम कॅम्पिंग कायदा आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर सेल्फ-कंटेन्ड प्रमाणपत्रासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो. सीटखाली ठेवलेले सुटे भांडे आता चालत नाही.

आता खर्चाकडे. पार्कच्या भाड्यात जे आपसूक मिळते ते फ्री कॅम्पिंगमध्ये स्वतः उभे करावे लागते. त्यात पहिली वीज. फ्रिज, दिवे, पंप आणि फोन चालवायला साधारण दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि तीन-चारशे वॉटचे सोलर पॅनल लागतात. जोडणी, चार्जर आणि मजुरी धरून हे काम सहज चार-पाच हजार डॉलरांवर जाते. एवढे करूनही रात्रभर एअर कंडिशनर चालत नाही. भाड्याच्या मोटरहोममध्ये एसी आणि मायक्रोवेव्ह सामान्यतः बाहेरून वीज जोडली तरच चालतात, आणि आतली बॅटरी दोन-एक दिवसांत उतरते. जनरेटर हा उपाय दिसायला सोपा आहे, पण बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे आणि शेजाऱ्यांना त्याचा जाच होतो.

दुसरे पाणी. दोन माणसांनी जपून वापरले तरी दिवसाला तीसेक लिटर जातात. कॅरॅव्हानच्या दोन टाक्या मिळून दीडशे ते दोनशे लिटर भरतात. पाच-सहा दिवसांनी नळ शोधावाच लागतो. दक्षिणेकडच्या नलारबॉर मैदानाच्या वाटेवर गोड्या पाण्याची टंचाई आहे, तिथे रोडहाउसवर, म्हणजे महामार्गावरच्या पंप-खाणावळीवर, फुकट टाकी भरून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. संडासाची कॅसेट, म्हणजे बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी, वीस लिटरच्या आत-बाहेर असते आणि दोघांना तीन-चार दिवस पुरते. त्यानंतर डंप पॉइंट गाठणे भाग असते, मग तो वाटेत असो वा नसो. फ्रिज गॅसवर असेल तर नऊ किलोचा सिलिंडर दोन-तीन आठवड्यांत संपतो. कपडे गावातल्या लाँड्रोमॅटमध्ये धुवावे लागतात.

तिसरा खर्च इंधनाचा, आणि तो कोणी मोजत नाही. कॅरॅव्हान ओढणारी गाडी शंभर किलोमीटरला सहज अठरा लिटर डिझेल पिते. दोन डॉलर लिटर धरले तर किलोमीटरला ३६ सेंट होतात. फुकटची जागा महामार्गापासून वीस किलोमीटर आत असेल तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, म्हणजे चौदा डॉलर. जवळच्या शोग्राउंडचे जवळजवळ पूर्ण भाडे डिझेलमध्येच गेले. अंतर्भागातल्या रोडहाउसवर डिझेलचा भाव याहूनही बराच चढा असतो.

हे सगळे एकत्र मांडून पाहावे. दोन माणसांचा तेरा आठवड्यांचा प्रवास धरू. रोज पार्कमध्ये ५५ डॉलर दिले तर ९१ रात्रींचे ५,००५ डॉलर होतात. आठवड्यातून दोन रात्री पार्कमध्ये आणि पाच रात्री फुकट राहिले तर पार्कचे १,४३० डॉलर. फुकटच्या ६५ रात्रींना गॅस, लाँड्री, पाणी आणि वाकडी वाट यांचे सरासरी सात डॉलर धरले तर आणखी ४५५. एकूण १,८८५, म्हणजे बचत ३,१२० डॉलरांची. बचत खरी आहे आणि लहान नाही. पण सोलर-बॅटरीवर पाच हजार घातले असतील तर पहिल्या प्रवासात ते वसूल होत नाहीत, दुसरा प्रवास अर्ध्याहून पुढे गेल्यावर होतात. दरवर्षी निघणाऱ्याने ती गुंतवणूक जरूर करावी. आयुष्यात एकदाच निघणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

भाड्याच्या गाडीचा हिशेब आणखी वेगळा. तिचे भाडेच दिवसाला शंभराहून अधिक डॉलर असते, त्यामुळे फुकट जागा शोधण्यात गेलेला दुपारचा प्रत्येक तास भाड्याच्या मोजलेल्या तासांतून जातो. अशांनी दर तिसऱ्या रात्री पार्कमध्ये विजेची जागा घ्यावी आणि मधल्या दोन रात्री राष्ट्रीय उद्यानाच्या स्वस्त जागी काढाव्यात. बॅटरी, कॅसेट आणि धुण्याचे कपडे यांचे चक्र या क्रमाशी नेमके जुळते. बिनविजेच्या साध्या जागेसाठी पार्कला पैसे देणे मात्र सर्वांत वाईट. पैसे भरायचेच तर टाक्या भरून, कॅसेट रिकामी करून, बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि सगळे धुणे उरकूनच पार्क सोडावे.

यापुढचा मुद्दा पैशांचा नाही, जिवाचा आहे. फुकटच्या चांगल्या जागा दुपारी तीन-चारपर्यंत भरतात. उशिरा पोचणाऱ्याला पुढची जागा शोधत संधिप्रकाशात गाडी हाकावी लागते, आणि कांगारू रस्त्यावर येण्याची वेळ नेमकी तीच. भाड्याच्या काही करारांत दुर्गम भागात अंधारात गाडी चालवल्यास विमा लागू होत नाही. म्हणून दुपारी दोन वाजता पहिली पसंती आणि जवळची पर्यायी जागा दोन्ही ठरलेल्या असाव्यात, आणि पर्यायी जागा पैसे देण्याची असली तरी चालेल. मरी नदीकाठच्या रिव्हर रेड गमच्या झाडांखाली सावली सुंदर असते, पण त्यांच्या जाड फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात. तिथे तंबू किंवा गाडी लावू नये. कोरड्या नदीपात्रात मुक्काम नको. उत्तरेकडे नदी वा खाडीच्या काठाशी मगरींमुळे नको. उन्हाळ्यात टोटल फायर बॅनच्या दिवशी शेकोटी पेटवणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यावरच्या पर्यटनगावांत रस्त्याकडेला व्हॅनमध्ये झोपणाऱ्यांना कौन्सिलचे कर्मचारी पहाटे येऊन दंड करतात, आणि एका दंडात पार्कच्या कित्येक रात्री निघाल्या असत्या.

किंमत शून्य झाली की माणसे कशी वागतात हे व्हिक्टोरिया राज्यात दिसले. डिसेंबर २०२४ पासून जून २०२५ पर्यंत तिथल्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांतल्या मुक्कामाचे शुल्क माफ केले. पुष्कळांनी जागा राखून ठेवल्या आणि ते गेलेच नाहीत. आरक्षणाच्या यादीत सर्व जागा भरलेल्या, प्रत्यक्षात निम्मे मैदान रिकामे, अशा तक्रारी सुरू झाल्या. जाणार नसेल त्याने राखलेली जागा सोडावी, एवढी साधी गोष्ट त्यात होती.

कौन्सिलच्या फुकट जागा दोन कारणांनी बंद होतात. झुडपांत टाकलेला कचरा, शौचाचे कागद आणि जमिनीवर सोडलेले सांडपाणी हे एक. दुसरे म्हणजे गावातल्या पार्कचालकांची तक्रार: आम्ही कर भरतो, परवाने काढतो, आणि कौन्सिल आमच्याच दाराशी फुकट जागा देते. या तक्रारीत तथ्य आहे. कौन्सिलचे उत्तर एवढेच असते की फुकट राहणारा माणूस गावात खर्च करतो. ते उत्तर खरे ठरवणे प्रवाशांच्या हातात आहे. फुकट मुक्काम करणाऱ्या प्रत्येकाने डिझेल त्याच गावात भरावे, पाव, भाजी आणि मांस तिथल्याच दुकानातून घ्यावे, आपला कचरा सोबत न्यावा आणि कॅसेट डंप पॉइंटवरच रिकामी करावी.