बोर्ड घेण्याआधी माती ओळखा

पावसाळा तोंडावर आला की गाडी घेऊन भटकणाऱ्यांच्या खरेदीच्या यादीत ट्रॅक्शन बोर्ड हमखास येतात. सव्वा मीटरच्या आसपास लांब, फूटभर रुंद, वर दाते असलेल्या नायलॉनच्या या पट्ट्या. रुतलेल्या चाकापुढे त्या खुपसायच्या आणि गाडी हळूच त्यांच्यावर चढवून बाहेर काढायची, एवढंच त्यांचं काम. साधी जोडी काही हजारांत मिळते, नावाजलेली परदेशी जोडी कित्येक पट महाग पडते. नगर जिल्ह्यात हिंडणाऱ्याने हा खर्च करावा का, याचं उत्तर बहुतेक जण गाडीत शोधतात: फोर बाय फोर आहे का, पोट जमिनीपासून किती उंच आहे, टायर कोणते आहेत. माझ्या मते ते उत्तर मातीत आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. त्याच्या पश्चिम टोकाला घाटघरमध्ये वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर पूर्वेच्या तालुक्यांना पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावं लागतं. पाऊस इतका वेगळा, तशी मातीही वेगळी. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात एकट्या गाडीने जाणाऱ्याला बोर्डांची जोडी खरोखर कामाला येते. शेवगाव-नेवाशाच्या ओल्या काळीत मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. आणि कुठेही जायचं असलं तरी पावडं आणि हवेचं मीटर घेतल्याशिवाय बोर्ड घेऊ नयेत.

चाक रुततं ते दोन कारणांनी. एक तर जमीन भार पेलत नाही आणि चाक खाली जातं, किंवा जमीन पकड देत नाही आणि चाक जागच्या जागी फिरतं. बहुतेक वेळा दुसऱ्यातून पहिलं घडतं, कारण फिरणारं चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी असेल तर प्रत्येक चाकावर साधारण पाचशे किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोंच्या आसपास दाब पडतो. तुलनेसाठी आपल्या लष्कराने वर्षानुवर्षे वापरलेला टी-५५ रणगाडा घ्या. वजन छत्तीस टन, पण पट्टे रुंद असल्याने दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.८ किलो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तोफांइतकंच लक्ष पट्ट्यांच्या रुंदीकडे द्या, रुतण्याचं गणित तिथे डोळ्यांसमोर उभं असतं. बोर्डाचं तत्त्व हेच आहे. तो चाकाचा भार काही पट जास्त जागेवर पसरवतो आणि दात्यांनी पकड देतो, पण हे सगळं एक-सव्वा मीटरपुरतंच. त्या अंतरात गाडीने घट्ट जमीन गाठली तर सुटका, नाहीतर तोच खेळ पुन्हा.

ही युक्ती जन्मली ती वाळवंटात. ब्रिटिश लष्करातला अभियंता राल्फ बॅगनॉल्ड १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळूत हिंडत होता. रुतलेल्या चाकांखाली घालायला त्याने पन्हाळीच्या आकाराचे लोखंडी पत्रे वापरले. त्यानेच १९४० मध्ये उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांवरही असे पत्रे बांधलेले असत. आजचे नायलॉनचे बोर्ड त्याच वंशातले. म्हणूनच एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कोरडी वाळू दात्यांना चिकटत नाही, टायरच्या खाचांत घट्ट बसत नाही आणि भार पसरला की ती बऱ्यापैकी पेलते. जाहिरातींमधल्या बहुतेक चित्रफिती अशाच वाळूतल्या असतात. आपल्याकडे जिल्ह्याचा मोठा भाग चिकणमातीचा आहे, आणि चिकणमातीचे नियम वेगळे आहेत.

शेवगाव, नेवासा, राहुरी, श्रीरामपूर हा गोदावरी-प्रवरा-मुळेच्या खोऱ्यातला पट्टा, तसेच कर्जत-जामखेडचे सखल भाग, इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचा अंश मोठा असतो, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं म्हणून हे घडतं. फेब्रुवारी ते मे या काळात हीच जमीन इतकी टणक असते की तिच्यावरून साधी हॅचबॅकही सहज जाते, बोर्डांचा प्रश्नच येत नाही. चांगला पाऊस झाल्यावर मात्र चार फेऱ्यांत टायरच्या खाचा बुजतात, चाक गुळगुळीत गोळा बनतं आणि त्याला बोर्डाचे दाते लागतच नाहीत, कारण मध्ये मातीचा थर असतो. बोर्डाखालची जमीनही त्याला धरून ठेवत नाही. चाक फिरलं की अख्खा बोर्डच मागे सरकतो, चिखलात बुडतो, कधी सापडतही नाही. बोर्ड चालतो तो मधल्या अवस्थेत, म्हणजे पहिल्या सरींनी वरचा तीन-चार इंचांचा थर ओला झालेला असतो आणि खाली अजून कोरडी, घट्ट जमीन असते तेव्हा. वरचा चिखल पावड्याने ओढून काढला आणि बोर्ड खालच्या थरावर टेकवला, तर गाडी निघते. पण पावसाची झड लागून गेल्यावर पाणंदीत गाडी घातली असेल तर तिथे बोर्ड नव्हे, वेळच लागतो. ज्याचं पोट या जमिनीवर आहे तो शेतकरी वाफसा आल्याशिवाय काळीत ट्रॅक्टर घालत नाही. मोठमोठ्या मागच्या चाकांचं ते यंत्र बांधावर थांबत असेल, तर आपल्या गाडीने आत जाण्याचं काही कारण नाही. पाणी भरलेल्या शेताने तर रणगाड्यांनाही सोडलेलं नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला शेतांमध्ये पाणी सोडलं गेलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पट्ट्यांसह रुतून बसले.

अकोल्याच्या पश्चिमेला गोष्ट बदलते. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीची गावं, रतनवाडी, साम्रद, घाटघर, तिकडे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई, इथे खाली बसाल्टचा कातळ किंवा मुरूम असतो आणि त्यावर तांबूस मातीचा पातळ थर. रस्ते अरुंद, समोरून एसटी आली की एक चाक कडेला उतरवावंच लागतं. ती कड पावसाने भुसभुशीत झालेली असते आणि तिच्या खाली भाताचं खाचर. रुतलेलं चाक फार खोल जात नाही, वीतभर खाली घट्ट थर असतो आणि पक्का रस्ता दोन-तीन हातांवर असतो. एक-सव्वा मीटर लांबीच्या पकडीला याहून योग्य जागा नाही. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला इथे मोठी गर्दी होते. तेव्हा भाताची लावणी झालेली नसते, खाचरं मोकळी असतात, गाड्या तिथेच लावल्या जातात. रात्री वळवाची एक जोरदार सर आली की संध्याकाळी टणक वाटलेल्या खाचरावर निसरडा थर तयार होतो आणि पुढच्या चाकांवर चालणारी शहरी गाडी उलटी घेताना जागीच फिरते. अशा वेळी पुढच्या दोन चाकांमागे दोन बोर्ड सारले की ती गाडी सहसा निघते. धक्का मारायला माणसं गोळा करावी लागत नाहीत, त्यांच्या अंगावर चिखल उडत नाही आणि झाडांखाली हेडलाइटचा झोत तासभर पेटता राहत नाही. काजव्यांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्यांचं मीलन अंधारावर अवलंबून असतं.

पारनेरच्या माळांवर बोर्डांचं ओझं कशाला न्यायचं? तिथे मुरूम आणि दगड, अडचण येते ती काट्यांची आणि धारदार दगडाने टायरची बाजू फाटण्याची. पंक्चरचं सामान आणि चांगली स्टेपनी जास्त मोलाची. मुळा धरणाच्या किंवा नाथसागराच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून पापुद्र्यासारखा वाळतो आणि खाली महिनोन्‌महिने ओला राहतो. पापुद्रा फुटला की चाक सरळ खाली. इथे एकट्या गाडीने कडेपर्यंत जाणं हाच धोका आहे, तो बोर्ड जवळ असल्याने कमी होत नाही. शेवटचे पाचशे मीटर चालत जावं.

बोर्डांविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा ट्रॅक्टरचा आहे. उसाच्या पट्ट्यात हाक मारली की ट्रॅक्टर येतो, दहा मिनिटांत गाडी बाहेर, मग हजारो रुपये कशाला घालवायचे? यात तथ्य आहे, आणि काळ्या मातीत तर ट्रॅक्टरच खरा उपाय. पण तीन गोष्टी विसरल्या जातात. एक, अकोल्याच्या डोंगरी वाड्यांत बागायती पट्ट्यासारखे दारोदारी ट्रॅक्टर नाहीत आणि दऱ्याखोऱ्यांत फोनची रेंजही भरवशाची नाही. दुसरी, पेरणी-लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला कामावरून उठवून आणणं ही त्याच्यावर लादलेली अडचण आहे. तो पैसे नको म्हणाला तरी डिझेलचे आणि वेळेचे द्यायलाच हवेत. तिसरी गोष्ट सुरक्षेची, आणि माझ्या लेखी निर्णायक. ट्रॅक्टरची साखळी किंवा तारेचा दोर ताणाखाली असताना तुटला, किंवा गाडीचा हुक उखडला, तर तो तुकडा जीव घेऊ शकतो. घाईत साखळी ॲक्सलला, बंपरला, नाहीतर कंटेनर-ट्रकवर गाडी बांधायच्या पातळ कडीला अडकवली जाते. बोर्ड वापरताना असा ताण कुठेच साठत नाही. धोका एवढाच की चाक जोरात फिरलं तर बोर्ड मागे उसळतो, म्हणून चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. गाडी काढण्याच्या सगळ्या पद्धतींमध्ये नवख्या माणसाच्या हाती देण्याजोगी ही बहुधा एकमेव पद्धत आहे.

दुसरा आक्षेप असा की दगड, गोणपाट, उसाचं पाचट, गाडीतली मॅट यांनीही काम भागतं. कधी कधी भागतं. पाचट आणि गोणपाट निसरड्या थरावर थोडी पकड देतात, भार मात्र पसरवत नाहीत. मॅट चाकाखालून बाहेर फेकली जाते. दगड उपयोगी खरे, पण अकोल्यात जवळचा दगड म्हणजे कोणाच्या तरी खाचराच्या बांधाचा दगड. तो उचलला की पुढच्या पावसात बांध फुटतो आणि माती वाहून जाते, त्याची भरपाई पर्यटक करत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा भाताच्या प्रदेशात स्वतःचे बोर्ड नेणं मला योग्य वाटतं. फोर बाय फोरवाल्यांना बोर्ड लागत नाहीत हा समज तर साफ चुकीचा. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक मोकळं फिरतं तिकडेच ताकद वाहून जाते, त्यामुळे चारही चाकांना ताकद मिळत असली तरी तिरकी दोन चाकं घसरली की गाडी थांबू शकते. फरक एवढाच की ती जास्त आत जाऊन थांबते.

बोर्ड जवळ असले की माणूस नको तिथे गाडी घालतो, हा आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रस्ता सोडून गाडी नेणं चूक आहेच, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याभोवतीच्या गवताळ माळांवरही चाकोऱ्या उमटवू नयेत. ओल्या गवतात पडलेली चाकोरी पुढे पाण्याची घळ बनते. त्यामुळे मी बोर्डांची शिफारस करतो ती रस्त्यावरच्या आणि रस्त्याकडेच्या फसगतीसाठी. रस्ता सोडायचा बेत असेल तर ती शिफारस मी मागे घेतो.

खरेदीचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा. आधी आखूड दांड्याचं मजबूत पावडं, कारण गाडीचं पोट मातीला टेकलं असेल तर चाकांखाली काहीही घाला, ती हलणार नाही. मग हवेचं मीटर आणि बारा व्होल्टवर चालणारा कंप्रेसर. ३२ पीएसआयवरून १८-२० वर आणलं की त्याच टायरचा जमिनीशी स्पर्श दीडपटीहून जास्त वाढतो, आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच गाडी सुटते. अकोल्यातल्या धारदार दगडांवर याखाली जाऊ नये, आणि डांबरीवर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस जाड प्लायचा तुकडा घ्यावा, चिखलात चाक बदलायची वेळ आली तर तोच वाचवतो. हे झाल्यावर बोर्ड. दोन-तीन गाड्या मिळून जात असतील तर सगळ्यांत एक जोडी पुरते. दरवेळी एकट्यानेच, आणि पावसात घाटमाथ्याकडे जाणाऱ्याने स्वतःची घ्यावी.

वापरताना पहिला नियम: चाक एकदा जागीच फिरलं की ॲक्सिलरेटर सोडायचा. पुढचा प्रत्येक फेरा खड्डा वाढवतो. उतरून पाहायचं आणि शक्यतो ज्या बाजूने आलो तिकडेच निघायचं, कारण तिकडची जमीन घट्ट होती हे ठाऊक असतं. पोटाखालची आणि चाकापुढची माती काढून उतार करायचा, बोर्डाचं टोक टायरला अगदी भिडेपर्यंत खाली खुपसायचं, स्टिअरिंग सरळ ठेवायचं आणि क्लच अलगद सोडायचा. पुढच्या चाकांना ताकद असेल तर बोर्ड पुढच्या चाकांना, मागच्यांना असेल तर मागच्यांना. बोर्डावर चाक भरभर फिरलं तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनचे दाते वितळतात आणि महागडी जोडी एका दिवसात गुळगुळीत होते. बोर्डाच्या मागच्या भोकात भडक रंगाची हातभर दोरी बांधून ठेवावी, म्हणजे बुडालेला बोर्ड सापडतो. गाडी बोर्डावर चढली की तिथेच थांबायचं नाही, घट्ट जमीन येईपर्यंत चालवत राहायचं आणि मग पायी येऊन बोर्ड उचलायचे. कडेला पडलेला खड्डा पावड्याने बुजवून दाबायचा, मागून येणाऱ्या मोटारसायकलचं चाक त्यात जाऊ नये म्हणून. बोर्ड त्याच दिवशी धुवावेत, विशेषतः काळ्या मातीतून आणलेले, कारण दात्यांत वाळलेली काळी नंतर टोकरून काढावी लागते. गाडीत ते सामानाच्या तळाशी ठेवू नयेत. मागच्या सीटच्या पाठीला उभे बांधावेत, म्हणजे गाडी तिरकी होऊन मागचं दार बांधाला अडलं तरी आतून हाताला येतात.