भातखाचरातील बेडूक व कायदा

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की खाचरांत पाणी साचते आणि मोठ्या रानबेडकांचे नर पिवळेधमक होऊन रात्रभर ओरडू लागतात. हाच त्यांचा विणीचा काळ होय. बत्तीच्या उजेडात त्यांना पकडणेही याच दिवसांत सर्वांत सोपे असते. अंडी घालण्यापूर्वीच मादी पोत्यात गेली, तर तिच्याबरोबर पुढील पिढीही जाते.

एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. १९८५ साली ही जात वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट झाली व १९८७ साली भारताने निर्यात बंद केली. तथापि गोव्यात मांसासाठी पावसाळ्यात चोरून पकड होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ती गुन्हा आहे.

बेडूक नाकतोडे, भुंगेरे, अळ्या व बांध पोखरणारे लहान खेकडे खातो. पकडणाऱ्यास एका रात्रीचे पैसे मिळतात. कीड मात्र शेतकऱ्याच्या वाट्यास राहते. तेव्हा शेतकरी बंधूंनी रात्री खाचरात बत्ती घेऊन शिरणाऱ्यास हटकावे, वनखात्यास कळवावे व अंडी असलेल्या डबक्यात कीटकनाशक जाऊ देऊ नये.