परसातला ओटा : भाव सांगण्याआधी माती पहा

व्हिडिओत हिशोब भरभर झाला, म्हणून इथं लिहून देतो.

परसात ओटा बांधायचं माझं पहिलं काम अकोल्याकडचं. 10 बाय 12 फूट, उंची दीड फूट. मी गुणाकार केला: 180 घनफूट, म्हणजे 1.8 ब्रास मुरूम. दोन ब्रास धरले अन् जागा न पाहताच फोनवर भाव सांगून टाकला.

खोदलं तर खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओटा बांधला तर फरशी आज ना उद्या तडकणारच. म्हणून दोन फूट माती काढली. तो खड्डा भरायला आणखी 240 घनफूट मुरूम. एकूण 4.2 ब्रास झाला, दाबल्यावर बसतो तो वेगळाच. शब्द देऊन बसलो होतो, वाढीव पैसे मागायला तोंड नव्हतं. माझी मजुरी त्यातच गेली.

तेव्हापासूनचे माझे नियम:

1. आधी जागेवर खड्डा घेऊन पहा, मग भाव.
2. मुरूम थराथरानं टाका, पाणी मारून धुमसानं बसवा.
3. ढाळ घराकडून बाहेर, 10 फुटांना सव्वा इंच.
4. खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी सिमेंटला वापरू नका. टँकरचे पैसे धरा.
5. माती काढणं, वाहून नेणं, मुरूम भरणं: कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळी लिहा.

भाव जास्त वाटला तर गिऱ्हाईक दोनदा विचारेल, विचारू द्या. ओटा तडकला तर गल्लीतलं पुढचं काम गेलंच समजा.

आज तुमचं एक जुनं कोटेशन काढा अन् त्यात काय धरायचं राहिलं ते शोधा.